थोरल्या शेठची वाव

माझी थोरली मुलगी झाली त्या वर्षी नदी लवकर आटली आणि वखारीचे थोरले शेठ वारले. दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यातल्या. मुलगी झाली म्हणून आमच्या घरात कुणी तोंड पाडलं नाही. सासूबाईंनी तिला उचललं, तिच्या इवल्याशा टाचा अंगठ्यानं दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "चांगल्या आहेत. चालेल ही."

दोर वळणाऱ्यांच्या घरात आधी टाचाच बघतात. आमचं निम्मं आयुष्य उलट्या पावलांनी चालण्यात जातं. आळीत एका रांगेत घरं, आणि प्रत्येक घरापुढे झाडांच्या सावलीत लांबच लांब, सरळ, टाचांनी गुळगुळीत झालेली एक वाट. तिला आम्ही दोरवाट म्हणायचो. वाटेच्या एका टोकाला लाकडी चाक. एकानं चाक फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेला वाख गुंडाळून, पानांतून काढलेला तो खरखरीत धागा बोटांतून थोडा थोडा सोडत मागं मागं जायचं. डोळे चाकाकडे, पाऊल मागं. खडा कुठं आहे ते टाचेला कळलं पाहिजे. आमच्या घरी चाकावर मी असायची. चालायचे आमचे हे आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद. दिवसाकाठी दोघं किती चालायचे देव जाणे, आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथंच असायचे.

वाख वखारीतून यायचा आणि दोर वखारीतच जायचा. मापायचा तो वावेनं. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. थोरले शेठ स्वतः मापायचे. माणूस बुटका, पोट सुटलेलं, हात आखूड. फार भला होता असं नाही. वाख मुद्दाम ओला करून, जड करून द्यायचा आणि वर आम्हालाच सांगायचा की यंदा दमट हवा आहे. पण त्याची वाव त्याच्या अंगाची होती, ती काही त्याला वाढवता येत नव्हती.

दोरवाटा वखारीच्या मालकीच्या होत्या. नावा पाण्यात उतरायच्या आत प्रत्येक घरानं नेमून दिलेली वाव भरायची, तिला भरती म्हणायचे. ज्याची कमी भरेल त्याची वाट जायची, असा कायदा. थोरल्यांच्या काळात कुणाची गेली नव्हती, म्हणून कायदा आहे हेच आम्ही विसरलो होतो.

धाकटे शेठ आळीत पहिल्यांदा मापायला आले ते भर उन्हात, कोरे बूट घालून. त्यांच्यामागून एक माणूस वाकून झाडाच्या फांदीखालून आला. मी उभ्या जन्मात तेवढा लांब माणूस पाहिला नव्हता. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या, आणि तिथून पुढे हात आपले चाललेत, चाललेत.

"आजपासून हा मापेल," शेठ म्हणाले.

त्यानं आमच्या दोराचं टोक धरलं आणि हात पसरले. वाटेवरून जाणारी कोंबडी दचकून बाजूला झाली. एक. दोन. तीन. तो मोठ्यानं मोजत होता आणि दोर भराभर त्याच्या पायाशी पडत होता. आमच्या अंदाजानं दोर अजून पुष्कळ उरायला हवा होता, आणि त्याच्या हातात टोक आलं. त्याला काहीच वाटलं नाही. आम्ही सगळे मात्र त्या टोकाकडे बघत राहिलो.

हे म्हणाले, "शेठ, असं कसं? वाव तुमच्या वडलांची होती."

"वाव म्हणजे माणसाचे पसरलेले दोन हात. हा माणूस नाही का?"

"आहे की," वन्सं म्हणाल्या. "दीड आहे."

सगळी आळी हसली. तो लांब माणूसही हसला, शेठनी बघितलं तसं त्यानं तोंड मिटलं. त्या दिवसापासून आळीनं त्याचं नाव वाव्या ठेवलं.

जाताना शेठ आमच्या यांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची वाट घाटाच्या तोंडाशी आहे. मला तिथून गाड्या वखारीत न्यायच्या आहेत. तुमची भरती यंदा कठीणच दिसते. आत्तापासून दुसरीकडे बघून ठेवा." आवाज अगदी गोड होता. यांनी मान हलवली. होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती. घरी आले आणि हंड्यातलं पाणी पेल्यात न घेता तसंच ओंजळीनं प्यायले.

ती वाट माझ्या सासऱ्यांनी केली होती. झुडपं उपटून, दगड वेचून, नंतर टाचांनी. ती गेली तर चाक कुठं लावणार? आणि चाकाशिवाय आम्ही काय करणार? आम्हाला सरळ चालून पोट भरायची कुठली विद्या येत होती?

मग आम्ही कामाला जुंपलो. बाळंतपणाला महिना होतो न होतो तोच मी चाकावर बसले. पोरगी दोन झाडांच्या मध्ये झोळीत. चाकाच्या घरघरीनं ती झोपायची आणि चाक थांबलं की रडायची, त्यामुळे मला विसावा म्हणून नव्हताच. धुळीचा वारा सुटायचा. वाखाची कुसं घामाला चिकटायची, मानेत, काखेत. यांच्या कमरेला वाखाच्या घर्षणानं पट्टा उठला होता, लाल, ओला. रात्री खोबरेल लावायला गेले तर म्हणायचे, "नको, उद्या परत निघेलच."

एका दुपारी हे लांबून ओरडले, "चाक जरा हळू."

मी हळू केलं. थोड्या वेळानं परत, "अजून हळू." मूठ माझ्या हातात होती, मला कळलं. पीळ कमी बसला की तेवढ्याच वाखात दोर लांब होतो. मी चाक हळूच ठेवलं. माझी पोरगी झोळीत होती आणि मला ती वाट हवी होती.

संध्याकाळी सासूबाई सरपण घेऊन आल्या. मोळी टाकली, दोराच्या वेटोळ्यावर टेकल्या, आणि सवयीनं दोर चिमटीत धरून उलटा दाबला. पदर सुटे झाले. त्यांनी त्या फटीत करंगळी घातली. ती आरपार गेली.

"हे काय रे?"

"आई, थोडा लांब होतो. वाट राहील."

"वाट राहील आणि नाव जाईल." सासूबाई चिडल्या नाहीत. त्यांनी दोराचं टोक सोडवलं आणि पदर उलगडायला सुरुवात केली, जसं एखादीनं तांदूळ निवडायला घ्यावेत. "त्या नावेत माणसं बसतात, बाबा. दोर तुटला की ती विचारणार कुणी वळला."

"मग करू काय मी?"

"घट्ट वळ."

"पुरायचा नाही."

"न पुरू दे. घट्ट वळ, आणि देऊ नको."

हे हसले. त्यांना वाटलं, आईचं वय झालं. सासूबाई उलगडत राहिल्या. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघांनी मिळून दिवसभराचा दोर पुन्हा वाख करून टाकला.

वाव्या अधूनमधून आळीत यायचा. कुणाचं किती झालं ते नजरेनं पाहून वखारीत सांगायचं, हे त्याचं काम. त्याला कुणी बसा म्हणत नव्हतं. परगावचा माणूस, एकटा, दुपारी झाडाखाली बसून फडक्यातलं कोरडं खायचा. त्या दिवशी वन्सं धुणं वाळत घालत होत्या. आमची वाळणीची दोरी उंच, वन्सं दगडावर चढून टाचा वर करून कपडे टाकायच्या.

तो म्हणाला, "बाई, जरा पाणी मिळेल?"

"आळीत कुणी दिलं नाही?"

"नाही."

"मग मीच का देऊ? आधी एक काम कर. ही दोरी माप."

"ही? ही तर वाळणीची."

"मापणारा माणूस ना तू? माप."

त्यानं कपडे अलगद एका बाजूला सारले आणि झाडापासून झाडापर्यंत हात टाकत गेला. आठ, आणि वर थोडी. वन्सं म्हणाल्या, "परत माप." परत तेवढीच भरली.

"ही दोरी थोरल्या शेठनी आमच्यासमोर मापली होती," वन्सं म्हणाल्या. "डाग पडला म्हणून परत केली. दहा वाव आहे ती."

वाव्यानं दोरीकडे पाहिलं. खूप विचार केला. मग म्हणाला, "धुण्यानं आटली असेल."

वन्सं दगडावरून खाली उतरल्या आणि जमिनीवर बसून हसल्या. मी चाक सोडून हसले. पोरगी जागी होऊन रडायला लागली तरी आम्हाला थांबवेना. तो मात्र उभा होता, आपलेच हात वरखाली बघत, जणू कुणी दुसऱ्याचे त्याच्या अंगाला लावलेत.

"आम्हाला वखारीच्या दारात रांगेनं उभं केलं," तो हळूहळू म्हणाला. "शेठ म्हणाले हात पसरा. माझे दाराच्या दोन्ही बाजूंना टेकले तेव्हा खूश झाले. मला वाटलं, वरच्या फळीवरचा माल काढायला ठेवलंय."

वन्संनी त्याला पाणी दिलं. त्यानं संपवलं, तेव्हा न मागता परत दिलं. जाताना तो उरलेले कपडे दोरीवर टाकून गेला, दगडावर न चढता.

वखारीची गाडी दोर न्यायला आली त्या सकाळी सगळ्या आळीत दारादारापुढे दोराची वेटोळी रचलेली होती, आणि प्रत्येक वेटोळ्यावर घरातलं एक म्हातारं माणूस बसलेलं होतं. हे काही आपोआप झालं नव्हतं. वन्सं चार दिवस नदीवर बायकांशी बोलत होत्या आणि बायका घरी जाऊन नवऱ्यांशी भांडत होत्या. कोपऱ्यावरच्या घरातला एकजण होता, त्याला आम्ही 'बघू' म्हणायचो, कारण तो प्रत्येक गोष्टीला बघू म्हणायचा. तो याही वेळी बघू म्हणाला. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याची बायको वेटोळ्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "बघ."

आमच्या वेटोळ्यावर सासूबाई, मांडीवर पोरगी.

गाडीवान म्हणाला, "आजी, उठा. दोर भरायचाय."

"उठले असते रे. गुडघे धरलेत."

तो पुढच्या घरी गेला. तिथंही गुडघे धरले होते. सगळ्या आळीचे गुडघे एकाच दिवशी धरले होते. गाडीवान शेवटच्या घरापर्यंत गेला, तिथल्या आजोबांनी विचारायच्या आधीच गुडघ्याला हात लावला. गाडीवान हसत हसत रिकामी गाडी घेऊन गेला.

त्यानंतरचे दिवस हसण्याचे होते आणि पोट आवळायचेही होते. वखारीतून वाख यायचा बंद झाला. चाकं थांबली. हातांना काम नाही म्हणून पुरुष दाढ्या कुरवाळत बसायचे. सरपण वाचवायला आम्ही तीन तीन घरांत एक चूल पेटवली, आणि त्यामुळे कोणाच्या आमटीत मीठ जास्त असतं याची जुनी भांडणं पुन्हा वर आली. पोरगी आता चाक नाही म्हणून झोपेना. वन्सं तिच्या कानाशी तोंडानं घरघर करायच्या.

मग शेठनी कुदळी घेऊन दोन माणसं पाठवली. त्यांनी आमच्या वाटेच्या घाटाकडच्या टोकाला खणायला सुरुवात केली. गाडीरस्ता. पहिला घाव पडला. जमीन इतकी घट्ट होती की कुदळ टणकन वाजली. हे धावले, एकाच्या हातातली कुदळ धरली. दोघांची ओढाओढ सुरू झाली. कुणाचं तरी डोकं फुटणार हे दिसत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, मला तिकडे न्या."

"कुठं?"

"त्या खड्ड्यापाशी. गुडघे धरलेत ना माझे."

चौघांनी त्यांना वेटोळ्यासकट उचललं, पोरीसकट, आणि खणलेल्या जागी ठेवलं. कुदळवाले बघत राहिले. एकजण म्हणाला, "आजी, उन्हात बाळ कशाला?"

"मग सावली धर."

तो खरोखरच सावली होईल असा उभा राहिला. कुदळी त्या दिवशी परत उचलल्या गेल्या नाहीत. पण खड्डा होता, आणि शेठनी निरोप धाडला, की नावा पाण्यात जायच्या दिवशी भरती झाली नाही तर आमचं घरही हलवू. त्या रात्री हे मला म्हणाले, "तुझ्या माहेरी जायचं झालं तर चाक नेता येईल का गाडीवर?" मी म्हटलं, "माहेरी टाचांना जागा नाही."

आम्हाला वाचवलं ते पाण्यानं. वरच्या अंगाला पाऊस लागला आणि नदी चढायला लागली. नावा डांबर लावून तयार, आणि बांधायला, ओढायला दोर नाही. नावाड्यांचा म्होरक्या, एका डोळ्यानं अधू असलेला माणूस, आळीत आला, वेटोळ्यांवरच्या म्हाताऱ्यांकडे एकाच डोळ्यानं पाहत शेवटपर्यंत गेला आणि सरळ वखारीत गेला. काय बोलला कोण जाणे. पण घटकाभरात शेठ आले, मागून तो आला, आणि त्याच्यामागून सगळे नावाडी. वाव्याही होता.

"माप," शेठ त्याला म्हणाले.

वाव्यानं हात घडी घालून काखेत दाबले. त्याच्या हातांची घडी पाठीमागून दिसत होती.

"ऐकू येत नाही? माप."

"जमत नाही, शेठ."

"का?"

त्यानं वन्संकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हातांचे गुडघे धरलेत."

नावाडी आधी हसले, मग आळी. शेठचे कान लाल झाले. "तुला आजपासून काम नाही."

"बरं," वाव्या म्हणाला, आणि जाऊन आमच्या झाडाखाली बसला.

सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तू माप की रे. तू एवढासा होतास तेव्हा बापाबरोबर यायचास, दोराचं टोक धरायला भांडायचास. आज ये. मी उठते."

आणि त्या उठल्या. गुडघ्यांचं काही नव्हतं.

शेठ इकडे तिकडे पाहू लागले. म्होरक्या म्हणाला, "लवकर करा, पाणी थांबत नाही."

त्यांनी कोट काढला. तो धरायला कुणी पुढं होईना, शेवटी 'बघू'नं धरला. शेठनी आमच्या दोराचं टोक घेतलं आणि हात पसरले. आणि सगळ्यांना एकदम दिसलं. तोच बांधा, तेच आखूड हात, बोटं तशीच जाडजूड. आळी मोठ्यानं म्हणाली, "एक!"

दुसऱ्या वेळी त्यांनी जोर लावून छाती ताणली, खांदे मागं ओढले, आणि सदरा काखेत टर्रकन उसवला. नावाड्यांतली पोरं पोट धरून खाली बसली. शेठनी दोर टाकलाच असता. पण मागून एक म्हातारा नावाडी, हसत नव्हता तो, सहज म्हणाला, "हुबेहूब थोरले शेठ."

ते क्षणभर दोर धरून तसेच उभे राहिले. मग पुन्हा हात पसरले, पण ताणले नाहीत. जेवढे होते तेवढेच पसरले.

घट्ट पिळाचा कोरा दोर हाताला सोलून काढतो. अर्ध्यातच त्यांचे तळवे लाल झाले. सासूबाईंनी तेलाची वाटी पुढं केली, त्यांनी मुकाट्यानं बोटं बुडवली. आळी मोजत होती. आधी चिडवायला मोजत होती, मग मोजण्याची लय लागली. पोरं उड्या मारत मोजत होती, ज्यांना अंक येत नव्हते ती नुसतीच ओरडत होती. मी चाकाची मूठ घट्ट धरून उभी होते. भरतीचा आकडा आला आणि यांनी माझ्याकडे पाहिलं. दोर अजून संपला नव्हता. शेठच्या पायाशी वेटोळं वाढत होतं आणि आमच्या बाजूला अजून उरलं होतं.

"पुरे," शेठ म्हणाले.

"टोकापर्यंत माप," सासूबाई म्हणाल्या. "आमचा आहे तो दोर."

त्यांनी टोकापर्यंत मापलं. आमचा, मग शेजारच्यांचा, मग सगळ्या आळीचा. ऊन उतरलं तेव्हा त्यांचे हात खांद्यातून वर जाईनात. स्वतःच म्हणाले, "दर वर्षी मला हे जमायचं नाही." मग वखारीपुढच्या मोकळ्या जागेत दोन खुंट ठोकायचं ठरलं, शेठच्या वावेएवढ्या अंतरावर. ते हात पसरून उभे राहिले, हे खुणा करत होते आणि सासूबाई बाजूनं बजावत होत्या, "श्वास सोड. छाती फुगवू नको." तेव्हा मात्र शेठलाही हसू आलं.

खड्डा त्याच दोन माणसांनी बुजवला. माती बसवायला सगळी आळी टाचा आपटत वाटेवरून मागं मागं गेली, एका रांगेत, माझी पोरगी कुणाच्या तरी खांद्यावर. वाव्याही रांगेत घुसला. जन्मात कधी उलटं चालला नव्हता. चौथ्या पावलाला बसला, ते वन्संच्या पायांवर. वन्संनी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याच हंगामात त्याचं बिऱ्हाड आमच्या घरी आलं आणि पुढच्या हंगामात त्या दोघांचं लग्न झालं.

सगळं काही सुधारलं असं मी म्हणणार नाही. वाख शेठ पुढेही ओलाच द्यायचे. त्यावरून दुसऱ्या वर्षी पुन्हा भांडलो, तिसऱ्या वर्षी पुन्हा. आता भांडायचं कसं ते ठाऊक झालं होतं, आणि आळीतल्या म्हाताऱ्यांना तर त्याची गोडीच लागली होती. नुसती गाडी दिसली तरी ती दोरावर जाऊन बसायची.

सासूबाई त्यानंतर चौथ्या उन्हाळ्यात गेल्या, दुपारच्या झोपेत. धाकटे शेठ माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेले. त्यांना पोचवायला आळीतून सगळे गेले होते. आमचे हे माझा पहिला नातू रांगायला लागला तेव्हा गेले, छातीच्या दुखण्यानं, तीन दिवसांत. वाव्या गेल्या वर्षी गेला, नदी चढली त्या आठवड्यात, पहाटे. वन्सं आहेत.